दोघांना पुरेल असं टेबल

मास्तरांनी वितीनं टेबलाची रुंदी मोजली, त्या घडीलाच माझं सगळं फिरलं.

दोस्तांनो, आज सकाळचीच गोष्ट आहे. वाचून कागद पुढच्याकडं द्या. कॉलेज अर्ध्यात सोडून मी पाट्या रंगवायची चित्रशाळा काढतोय, हे तुम्हाला ठाऊक आहे. टेबल निवडायला आपल्या ड्रॉइंग मास्तरांना कॅम्पातल्या जुन्या सामानाच्या दुकानात नेलं. त्यांच्या लेकीवर, इंदूवर माझा जीव आहे, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

विलायतेला परतलेल्या कुण्या साहेबाचं उतरत्या फळीचं सागवानी टेबल मला आवडलं. शेजारी शेजारी दोघं बसतील एवढं रुंद.

"एवढं रुंद कशाला रं? एकट्याला हे बारकं बास," मास्तर म्हणाले.

"इंदू रंग भरायला बसंल की, मास्तर."

"तिचं निपाणीला ठरलंय."

"मला न सांगता?"

"कॉलेज सोडलंस तवा मला सांगितलंतंस व्हय?"

तुम्ही असतात तर काय म्हटलं असतंत? दुकानदाराला म्हटलं, "मोठंच पाठवा." मास्तर त्या बारक्या टेबलावर हात ठेवून उभेच होते. मी बाहेर पडलो आणि दार धाडकन लावलं.