कानांतले बोळे

एमआयडीसीत शिफ्ट सुटली. गेटबाहेर येऊन एका कामगाराने कानांतले नारिंगी बोळे काढले, डबीत ठेवले आणि फोन लावून अगदी हळू आवाजात विचारलं, "निघालो गं. दूध आणू का?"

माझे वडील तीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होते. त्यांना कुणी बोळे दिले नाहीत. चाळिशीतच त्यांना ऐकू येईनासं झालं. आमच्या घरी सगळेच मोठ्याने बोलायचे. पाहुण्यांना वाटायचं, भांडण चाललंय. मला तो आमचा स्वभावच वाटत आला.

वडील जाऊन सहा वर्षं झाली. घरात आता कमी ऐकू येणारं कुणी नाही. तरी संध्याकाळी, माझ्या शेजारी बसून, आई ओरडून म्हणाली, "चहा गार होतोय."

मीही ओरडूनच "हो" म्हटलं.