पाणी न लागणारं गवत

वरोऱ्याला आमच्या शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काकाजी राहतात. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी नागपूरहून गुलाबी तुऱ्यांचं शोभेचं गवत आणून अंगणभर लावलं. फाटकाशी थांबेल त्याला ते बोट वर करून सांगत, "याले पानी लागत नाई, भाऊ. बिलकुल नाई." सांगताना दुसऱ्या हातातला पाइप चालूच असे.

"मग देऊन काऊन राह्यले, काकाजी?" मी एकदा विचारलं.

ते दुखावले. "ते मांगत नाई म्हून आपण द्याचंच नाई का?"

पावसाळ्याआधीच त्यांच्या गवताची मुळं कुजली. त्यांनी मला दिलेला एक ठोंब मात्र मी कुंपणापाशी लावून साफ विसरलो होतो. दिवाळीत त्याला तुरे आले. काकाजी बघायला आले, गुडघ्यावर बसले आणि पातं हळूच बोटांत धरलं.

"बिचारं, कसं जगलं असंन!" त्यांनी माझ्या अंगणातल्या नळाकडे पाहिलं. "आता तुम्ही काळजी करू नका. याचं मी पाह्यतो."

त्यांना अडवायला मी तोंड उघडलं. पण चेहऱ्यावरची ती माया पाहून चहाच विचारला.