हार बांधता येईल अशी जाळी

बेशिस्त गाडी चालवणारे लोक जगात पुष्कळ आहेत. पण समोर न बघता, संपूर्ण शिस्तीत आणि ठरल्या वेळेवर गाडी चालवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आतोबा रेल्वेत गार्ड होते. उभी नोकरी त्यांनी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. त्यामुळे प्रवास म्हणजे मागे पळणारी झाडं आणि लहान लहान होत जाणारी स्टेशनं, अशीच त्यांची समजूत. पुढे काय आहे ते बघायला ड्रायव्हर असतो. निवृत्त झाल्यावर सरावलीच्या घरी त्यांनी एक जुनी पांढरी गाडी आणली, पण आता तो ड्रायव्हर आपणच, ही गोष्ट त्यांच्या अंगवळणी कधी पडली नाही. निम्मं लक्ष आरशात. "मागे सगळं क्लिअर आहे," असं ते मोठ्या समाधानाने जाहीर करत, आणि त्याच वेळी समोरचा रिक्षावाला जीव मुठीत धरून रस्त्याखाली उतरलेला असे. गाडीचा मागचा भाग शेवटपर्यंत नवाकोरा राहिला. पुढच्या भागाबद्दल न बोललेलंच बरं.

गाडी निघायची ती रोज संध्याकाळी, चिखल्याच्या किनाऱ्यावर जायला. आत्याचा उजवा गुडघा वाकत नाही. रिक्षात तिला बसता येत नाही, चालत ती फाटकापर्यंत जेमतेम जाते. म्हणून आतोबांनी पुढची सीट पार मागे सरकवून घेतली होती, पाय लांब करून बसता येईल इतकी. ती बसली, पदर सावरला आणि "राइट" म्हणाली की मगच गाडी हलणार, हा नियम. एकदा दोघांचं काहीतरी बिनसलं होतं आणि आत्याने मौन धरलं होतं. आतोबा इंजिन चालू ठेवून अंगणातच बसून राहिले. गाडी सोडण्याचा अधिकार त्यांचा नव्हता! शेवटी शेजारच्या वाडीत चिकू उतरवणारी बाई कुंपणावरून ओरडली, "ओ मावशी, बोला ना एकदाचं! धूर सगळा आमच्याकडे येतोय!" तेव्हा कुठे गाडी सुटली. किनाऱ्यावर पोचल्यावर मात्र ते चार वेळा मागेपुढे करून गाडीचं तोंड बरोबर समुद्राकडे करत. लोक निघायला सोपं म्हणून रस्त्याकडे तोंड करतात, हे मी एकदा सुचवून पाहिलं. "जन्मभर मागे पडणारंच बघितलं रे," ते म्हणाले, "आता थोडं समोरचं बघू दे."

तर एका भाद्रपदात आतोबांनी स्वतःच्याच घराच्या फाटकाला धडक दिली. वळणापासून हॉर्न दिला होता, म्हणजे फाटक उघडलेलं असणारच, असा त्यांचा हिशेब. फाटकाला काही झालं नाही, पण गाडीची समोरची जाळी मधोमध फुटून निम्मी खाली लोंबू लागली आणि गाडी अंगणातच उभी राहिली. "सिग्नल नसताना गाडी आत घेतली. चूक ड्रायव्हरची आहे," असा निकाल त्यांनी दिला आणि दोन दिवस स्वतःवरच नाराज होऊन हिंडले. पुण्याहून माझ्या आतेबहिणीचा फोन आला, "बाबा, आता पुरे. विकून टाका ती गाडी." तिचं चूक नव्हतं. पण आतोबांचा आणखी एक नियम होता, आणि खरी अडचण तिथे होती. दसऱ्याला जिची पूजा झाली नाही ती गाडी वर्षभर रस्त्यावर आणायची नाही. पूजा म्हणजे आत्याने ओवलेला झेंडूचा हार, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, जाळीच्या पट्ट्यांना दोऱ्याने बांधलेला. जाळी नाही तर हार नाही, हार नाही तर गाडी नाही, आणि गाडी नाही तर आत्याचं चिखलं बंद. संध्याकाळी त्या वेळेला आत्या उगाचच चांगलं लुगडं नेसून ओटीवर बसायची. ते बघून आतोबा मला म्हणाले, "चल, जाळी शोधायला."

डहाणूच्या गॅरेजवाल्याने मान हलवली. "काका, ओरिजिनल ग्रिल आता मिळत नाय. ही प्लास्टिकची लावू, एकदम न्यू लुक!" आतोबांनी पिशवीतून झेंडूचा हार काढला. आत्याकडून त्यांनी खास रंगीत तालमीसाठी तो ओवून आणला होता. दोऱ्याचं टोक त्यांनी त्या जाळीतून घालून पाहिलं. ते आत जाईना. जाळी नुसती दिसायला. आरपार भोक एकही नाही. "याला हार कुठे बांधायचा?" गॅरेजवाला म्हणाला, "चिकटपट्टी लावा ना काका." आतोबांचा चेहरा असा झाला की मीच त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. "चिकटपट्टी! लक्ष्मीला!" असं ते तलासरीपर्यंत अधूनमधून म्हणत राहिले. तलासरीला हायवेच्या कडेला जुन्या गाड्यांचं मोठं भंगार आहे. सुकत चाललेला हार हातात धरून आतोबा त्या गाड्यांमधून असे गंभीरपणे फिरू लागले की भंगारवाला धावत आला. "काका, आ हार कोना माटे? कोई गयुं के?"

"कोणी गेलं नाही," आतोबा म्हणाले. "जाऊ नये म्हणून आलोय."

त्याला काय समजलं कोण जाणे, पण तो आमच्याबरोबर फिरू लागला. आतोबा प्रत्येक गाडीपुढे वाकत, दोरा घालून बघत आणि "नापास" म्हणत. थोड्या वेळाने भंगारवालाही "नापास, नापास" करत पुढे जाऊ लागला. शेवटी एका टेम्पोची पोपटी रंगाची लोखंडी जाळी पास झाली. तीन आडव्या पट्ट्या, मध्ये ऐसपैस जागा. गाडीपेक्षा ती अंमळ रुंद होती, पण भंगारवाल्याने कडा कापून दिल्या. रंग द्यायचं काम आतोबांनी कोणाला करू दिलं नाही. चंदेरी रंग आणून त्यांनी ती स्वतः रंगवली, चिकूच्या फांदीला वाळत टांगली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "ओली आहे, हात लावू नका" असं बजावत दिवसभर खुर्ची टाकून राखण केली. दिवेलागणीला, वाळली का ते बघायला स्वतःच अंगठा टेकवला. तो तसाच उमटला. पुन्हा रंग द्यायचं कोणी म्हटलं की ते ऐकू न आल्यासारखं करत. त्या दसऱ्याला हार बांधला गेला, आत्या "राइट" म्हणाली, आणि त्या अंगठ्यासकट गाडी आणखी काही वर्षं चिखल्याला जात राहिली.

यंदा दसऱ्याला आतोबा नव्हते. गाडीही नव्हती, त्याच भंगारवाल्याने ती नेली, आणि नेताना जाळीला हात लावून नमस्कार केला, असं आत्या सांगते. सकाळी तिचा फोन आला, "संध्याकाळी तुझी गाडी घेऊन ये." गेलो तर ओटीवर हार तयार. तेवढ्याच लांबीचा. काठी टेकत ती माझ्या गाडीसमोर आली आणि काळ्या चकचकीत जाळीवरून तिने बोटं फिरवली. आरपार भोक एकही नाही. "बांधायचा कुठे रे?" येताना घेतलेल्या चिकटपट्टीसाठी माझा हात खिशाकडे गेला आणि तसाच मागे आला. मी बॉनेट उघडलं, दोऱ्याची टोकं आत घातली आणि बंद केलं. हार थोडा वाकडा लटकला.

"चालेल," आत्या म्हणाली. "पण यांनी पास केली नसती."

मी सीट मागे सरकवली. ती बसली. मी इंजिन चालू केलं आणि तसाच थांबलो. समोर ते फाटक, उघडं. बऱ्याच वेळाने तिने पदर सावरला आणि हळूच म्हणाली, "राइट."

चिखल्याला मी सवयीने रस्त्याकडे तोंड करून गाडी लावली. आत्या उतरायचं नाव घेईना. बघितलं तर ती तिच्या बाजूच्या आरशात बघत होती. त्यात समुद्राचा एक छोटासा तुकडा दिसत होता. मी पुन्हा गाडी चालू केली आणि चार वेळा मागेपुढे करून तिचं तोंड पाण्याकडे केलं.

"हां," आत्या म्हणाली, "आता दिसतंय."