वार पडेपर्यंत

व्यायला आलेल्या गाईजवळ ती उभी राहायची ती दोन्ही हात पाठीमागे धरून, वर्गात मास्तर फिरतात तशी. गाय वेणा देत असायची, घरची माणसं घाबरलेली असायची, आणि ही आपली गप्प उभी. कोणी म्हणालंच, "काकी, जरा हात लाव मगो," तर म्हणायची, "हात पुढे जातत म्हणानच ते पाठी धरलंय."

ती आमची शेजारीण. पेडण्यात आमच्या वाड्यावर आणि पलीकडे हळर्णपर्यंत कुणाची गाय अडली की तिला बोलावणं यायचं. त्याचे पैसे तिने कधी घेतले नाहीत. खरवसाची एक वडी मात्र मागून घ्यायची. गरम पाण्याचं भांडं धरायला ती मला न्यायची. मी फारशी बोलत नाही, हेच तिला बरं वाटायचं. "तू बरी गो," म्हणायची, "गाईक त्या टायमार बडबड नको जाता."

तुमच्यापैकी कुणी गाय व्यालेली पाहिली असेल तर माहीत असेल. आधी काळसर पाण्याची पिशवी दिसते. ती फुटली की मागून पांढरट, बुळबुळीत पडद्यात गुंडाळलेले पुढचे दोन खूर येतात. त्या पिशवीला आणि पडद्याला ती पानं म्हणायची. "ह्या पयला पान. आता दुसरा येतला, बघ." देवाने सगळंच पानात बांधून दिलंय, असं तिचं म्हणणं. देवळाच्या जत्रेनंतर कुठे बकरा सोलत असले तर बाकीच्या बायका तोंड फिरवायच्या, ही थांबून बघायची. मलाही दाखवायची. कातडं आणि मांस यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं पातळ काहीतरी असतं, सुरी लावली की नुसतं सुटत जातं. "म्हणानच माशी बसली काय गाईची कातडी थरथरता," ती सांगायची, "खालचा मांस जाग्यार, नी कातडी हालता."

हात लावायची ती एकाच वेळी. वासरू खाली आलं आणि त्याच्या नाकावर पडदा तसाच राहिला, तर वाकून दोन बोटांनी तो फाडायची, तोंडातला चिकटा पुसायची आणि परत हात मागे. वासरू शिंकलं की म्हणायची, "इलो भायर."

पण सगळ्यात अवघड काम त्यानंतरचं, वाट बघण्याचं. वासरू झाल्यावर मागून जी पडते ती वार. ती आत गाईला बोंडाबोंडांनी चिकटलेली असते. कधी लवकर पडते, कधी दिवसभर लोंबत राहते. घरच्यांना धीर नसतो. अशा वेळी तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "हळदीच्या पानातली पातोळी शिजली काय पान आपणच सुटता. कच्ची आसताना वडशात तर अर्धी पानाक चिकटान रवतली."

एकदा खालच्या वाड्यावर एकाने वार लवकर पडावी म्हणून तिला आपली जुनी चप्पल बांधून ठेवली होती. वजनाने ओढली जाईल, असा त्याचा हिशोब. ही गोठ्यात शिरली आणि बघतच राहिली.

"गाईक चप्पल कित्याक रे? ती खंय बाजाराक जातली?"

"एकच बांधलंय, काकी."

"मगे दुसऱ्या एका चपलान तू जातलंस? सोड पयली ती."

तो लाजून चप्पल सोडायला लागला. एका पायाने अनवाणीच उभा होता. आम्ही दोघी घरी येईपर्यंत हसत होतो.

तिच्या स्वतःकडे एकच गाय होती, तांबडी. नवरा गेल्यावर घरात ती आणि गोठ्यात गाय. मुलगा बायकोबरोबर पर्वरीला फ्लॅटमध्ये राहायचा, पणजीत नोकरी करायचा. मागच्या पावसाळ्यात ती गोठ्यातल्या शेणावरून घसरली आणि मनगट मोडलं. तेव्हापासून आपल्याकडे राहायला ये म्हणून त्याने धोशा लावला. शेवटी गाय गाभण असताना एकदा माझ्यासमोरच म्हणाला, "आये, ह्या खेपेक गाय बरी व्याली तर मी परत विषय काढूचंय नाय. पण कायय बिघडला, तर गाय कोणाक तरी दी आणि माझ्याबरोबर चल."

ती म्हणाली, "जाता."

कबूल, एवढंच बोलली. पण त्या दिवसापासून गाईला पेज, गाईला गूळ, गाईच्या अंगावरून हात, असं सुरू झालं.

शनिवारी सकाळी गाय व्याली. सगळं सरळ झालं. पाडी झाली, आईसारखीच तांबडी, आणि लगेच उभी राहायला धडपडू लागली. मुलगा रविवारी सकाळी येणार होता. दुपार झाली तरी वार लोंबतच होती. ती हात मागे धरून उभी होती, पण लक्ष गाईकडे नव्हतं, रस्त्याकडे होतं.

"रवया, काकी," मी म्हटलं. एरवी थांबायचं ती सांगायची.

"रवपाक येळ खंय आसा? फाल्यां तो ही अशी लोंबताना बघतलो."

ऊन उतरल्यावर मी विहिरीवर पाणी आणायला गेले. परत आले तेव्हा तिचे हात पुढे होते. ओलं फडकं फाटावं तसा आवाज झाला. गाय पाठ वाकवून कण्हली. तिने हातात आलेली वार गोणपाटावर पसरली आणि खाली बसून तिच्यावरच्या बोंडांच्या जागा बोटांनी चाचपत राहिली. बराच वेळ बसली होती.

"सगळी नाय गो," ती म्हणाली.

मग वार गोळा करून ती माडाच्या मुळाशी पुरून आली आणि गोठा स्वच्छ धुतला.

मुलगा आला, पाडी बघून खूश झाला. गाडीतून उतरला तोच फोटो काढू लागला. खरवस दोनदा मागून खाल्ला. जाताना म्हणाला, "रव तर तू हंयच. जिंकलंस." गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती रस्त्यावर उभी होती. हसत होती. तिचे मागचे दात पडलेले आहेत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दोन-तीन दिवसांत गाईने चारा सोडला. अंग तापलं, मागून वास यायला लागला. ती गाईच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची. बऱ्या जनावराची कातडी सोडल्याबरोबर खाली बसते. हिची उभीच राहायची, घडी घातलेल्या कापडासारखी. "बसता, बसता," ती म्हणायची आणि पुन्हा चिमटीत धरायची. शेवटी मीच गुरांच्या डॉक्टरला फोन केला.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून तिने आत तपासलं, तुकडे काढले, औषध घातलं, इंजेक्शन दिलं. मग विचारलं, "वार ओढली होती का कुणी?"

मी खाली बघितलं.

"मीच वडली," ती म्हणाली.

डॉक्टर रागावली नाही. हात धुता धुता समजावून सांगू लागली, "काकी, आत ती बटणांसारखी अडकलेली असते. आपोआप सैल व्हावी लागते, ओढली तर..."

"माका म्हायत आसा, बाय."

डॉक्टरने समजावणं तिथेच सोडलं. इंजेक्शनं द्यायला मात्र रोज आली.

गाय वाचली. दूध कमी झालं, पण खायला लागली, पाडीला चाटायला लागली. मुलाला यातलं काहीच कळलं नव्हतं, आणि कळण्याचं कारणही नव्हतं. गाय पूर्ण बरी झाली त्या दिवशी तिने माझ्याकडून मुलाला फोन लावून घेतला. नीट ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवून ती तोंडासमोर धरायची, त्यामुळे मुलाचंही बोलणं मला ऐकू येत होतं.

"माका पर्वरीक व्हरूक ये."

"कित्याक? गाय बरी आसा मगो?"

"गाय बरी आसा. माजे हात बरे नाय."

त्याला वाटलं मनगट परत दुखतंय. तो म्हणाला, डॉक्टरला दाखवू. तिने त्याला तसंच वाटू दिलं.

गाय आणि पाडी आमच्या गोठ्यात आली. ती गेली तेव्हा दोन पिशव्या आणि एक पितळी तांब्या एवढंच घेऊन गेली. गोठ्याकडे वळली नाही. तिचं घर बंद आहे, अंगणात गवत वाढलंय. कुणाची गाय अडली की आता लोक डॉक्टरलाच बोलावतात, आणि ती येतेही.

गाय पुन्हा व्याली तेव्हा मी पर्वरीला फोन केला. पाडा झाला, म्हटलं. संध्याकाळी वार पडली, अख्खी पडली.

पलीकडे टीव्ही चालू होता. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

मग तिने विचारलं, "कोणी हात घातलो?"

"कोणी नाय."

"बरा केलास."

फोन ठेवायला ती विसरली असावी, कारण नंतर तिचा आवाज लांबून आला. सुनेला सांगत होती, "आयकलंस गो? माजी गाय व्याली."

मी फोन कानाशी तसाच धरून राहिले.