तिसरा कॉलम आणि बाळूभाऊंचा डबा

चाकणच्या आमच्या लॅबमध्ये कॉलमपेक्षा किस्सेच जास्त तयार होतात. होणारच! काम सगळं वाट बघण्याचं, आणि ते आमच्यात एकालाही जमत नाही.

कॉलम म्हणजे स्टीलची नळी. तिच्यात द्रावण भरायचं, बूच लावायचं आणि गरम पाण्याच्या बाथमध्ये दिवसभर उभी ठेवायची. आत जाळीदार प्लास्टिक तयार होतं. त्यातून औषध सोडलं की त्यातले घटक वेगवेगळे बाहेर पडतात. हे चऱ्होलीच्या बाळूभाऊंना, म्हणजे आमच्या ऑपरेटरना, समजावलं तर म्हणाले, "भोकंच पाडायची ना? मंग ड्रिल आणतो की!"

*

साहेबांना तर दमच निघत नाही. एकदा सहाव्या तासाला "जरा बघू" म्हणून त्यांनी बूच काढलं. सगळं द्रावण शर्टावर! वर गंभीरपणे आम्हालाच सांगितलं, "अजून झालेलं नाही."

*

दापोडीच्या कांबळे मॅडम हे कॉलम बनवतात. त्यांच्या वडिलांची उमेदीची वर्षं कंपनीत टेम्पररी म्हणूनच गेली, आणि मॅडमही अजून टेम्पररीच. साहेबांनी मॅडमना अट घातली, "मंगळवार, बुधवार, गुरुवार, लागोपाठ तीन कॉलम द्या, औषध ढकलायला तिन्हींना प्रेशर सारखंच लागलं की पर्मनंटचं लेटर घ्या." दोन जमायचे, तिसरा बिघडायचा. महिनाभर हेच! त्यांची तगमग बघून माझीही झोप उडाली.

*

शेवटी मॅडमना कारण सापडलं. गुरुवारी बाळूभाऊंचा उपास! एरवी ते सकाळीच आपला डबा त्या बाथमध्ये गरम व्हायला ठेवत. डब्यानं पाणी वर चढायचं आणि नळी पूर्ण बुडायची. डबा नसला की नळीचं टोक उघडं, गार.

"भाऊ, गुरुवारी नुसता डबा तरी आणा!"

"मॅडम, रिकामा तरंगंल की वो!"

*

पुढच्या गुरुवारी बाळूभाऊ उपास असूनही भरल्या वांग्यांचा डबा घेऊन आले. लॅबभर वास! बिचारे राजगिऱ्याचा लाडू हातात घेऊन बाथभोवती येरझाऱ्या घालत होते.

शुक्रवारी प्रेशर मोजलं. तिन्ही कॉलम सारखे! मॅडमच्या डोळ्यांत पाणीच आलं.

साहेबांनी लेटर पुढे ओढलं, पेन टेकवलं आणि थांबले.

"पण काय हो, बाथमध्ये थोडं पाणीच जास्त ओतलं असतं तर?"

मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला.

"साहेब," बाळूभाऊ म्हणाले, "आधी सही करा. काल उपाशीपोटी वांगी राखलीत मी!"