टेकून बसायची गाडी

वैशाखातली दुपार. पोटभर जेवण झालंय, आणि मल्लिनाथ शेटे बार्शीतल्या त्यांच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात, १९३४ सालच्या मॉरिस गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेत. शेवटचं बसून घ्यावं म्हणून. चार वाजता पुण्याचे पाहुणे गाडी बघायला येणार आहेत, पसंत पडली तर आजच घेऊन जाणार आहेत. मल्लिनाथांचे गुडघे आता क्लच दाबू देत नाहीत, गोदामही येत्या महिन्यात रिकामं करून द्यायचंय. गाडी विकायला हवी हे डोक्याला पटलंय. जिवाला पटत नाही.

कारण दिलेला शब्द. वडील, म्हणजे विश्वनाथआप्पा, गेले तेव्हा शेवटचं एकच वाक्य बोलले. इतर बाप म्हणतात, आईला सांभाळ. आप्पा म्हणाले, "मल्लू, गाडीला डाग पडू देऊ नको." आई उशालाच बसली होती. मल्लिनाथांनी मान डोलावली आणि तेव्हापासून डोळ्यांत तेल घालून गाडी जपली. आतलं तपकिरी कातडं अजून नव्या नवरीसारखं आहे. आता असा जपलेला ऐवज परक्याच्या हवाली करायचा म्हणजे बापाला कोणतं तोंड दाखवायचं, एवढीच एक टोचणी त्यांना लागलीय.

पत्र्यावर ऊन तडतडतंय. डोळे जड होतात, उघडतात, पुन्हा जड होतात. आता आप्पा येणार आणि खडसावणार, असं त्यांना झोपेतच वाटतं. शेजारचं दार उघडतं. आत येते ती आई.

"सरक की जरा," ती म्हणते.

सरकायला जागा नसते, तरी ते सरकतात. अंगावर हिरवं इरकल, केसांना माक्याचं तेल चोपडलेलं. तिला जाऊन अकरा वर्षं झालीत, पण कपाळावरचं भस्म आत्ताच लावल्यासारखं ओलं आहे.

"गाडी इकायलास म्हनं."

"व्हय. पण आप्पाला शब्द दिलाय गं."

"दिलास की. मी तिथंच हुते."

गाडी चालू झालीय. कुणी हँडल मारलं, कळत नाही. गोदामाचा दरवाजा येडशीच्या रस्त्यावर उघडतो. दोन्ही बाजूंना कडुनिंब, आणि शेजारी आई पूर्वी बसायची तशीच बसलीय. सीटच्या कडेला, हात मांडीवर, पाठ सरळ काठी.

श्रावणातल्या एका सोमवारी आप्पा तिला रामलिंगच्या देवळाला न्यायचे. वर्षातून एकदाच, पण गाडीनं! बार्शीत किती बायकांच्या नशिबी होतं ते? घरी आली की मात्र ती दोन दिवस अंथरुणाला खिळायची. रामलिंगाच्या पायऱ्या बाधल्या म्हणून सगळं घर तिची कंबर शेकायचं.

"पायऱ्या न्हाईत रं बाधल्या," आई म्हणते. मल्लिनाथांनी तोंडानं काही विचारलेलंच नसतं. "टेकायचं न्हाई, असा त्येंचा कायदा. तेलाचा डाग पडतोय म्हनायचे. मी म्हनलं, टॉवेल टाकते. तर म्हनले, टॉवेलातनं झिरपतंय."

तिला हसू येतं. मल्लिनाथांनाही येतं, आणि लगेच विरतं. इतकी वर्षं आपण कंबर शेकली, आणि दुखणं या सीटवर होतं!

रस्ता आता स्वयंपाकघरातून जातो. चुलीवर आमटी उकळतेय, गाडी तिला वळसा घालून पुढं निघते. मग रामलिंगची झाडी लागते. माकडं बॉनेटवर बसून हरभरे सोलतात, पाण्याचा आवाज येतो. आई खिडकीतून मंदिराला हात जोडते.

"इक बाबा," ती म्हणते. "लोखंडच ते. पण त्या आधी एकदा मला नीट बसू दी."

आणि ती डोकं मागं न्यायला लागते.

"आई, डाग पडंल!"

मल्लिनाथांचा हात आपोआप मधे गेलेला असतो. शब्द आपले, आवाज मात्र आप्पांचा. आई थांबते. रागवत नाही. त्या हाताकडं बघते, मग त्यांच्याकडं.

"तू बी त्येंचाच," ती म्हणते. "महानंदा तरी टेकून बसती का रं?"

बायकोचं नाव ऐकून लाजेनं कान तापतात. ते हात काढून घेतात. आई हळूच डोकं टेकवते, डोळे मिटते, आणि दिवसभर राबून घरी आलेलं माणूस सोडतं तसा लांब श्वास सोडते.

"अहो, उठा! आले की पाहुणे. ओट्यावर चहा घ्यायलेत."

गाडीच्या दाराशी महानंदा उभी आहे. गोदाम, पत्रा, ऊन, सगळं जिथल्या तिथं. शेजारची सीट रिकामी. पण सीटच्या पाठीवर, वरच्या अंगाला, तळहाताएवढा ओला तेलकट डाग आहे. मल्लिनाथ बोट लावून वास घेतात. माका. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर केस उरलेले नाहीत, आणि आई गेल्यापासून घरात माक्याची बाटली आलेली नाही.

महानंदाचं लक्ष जातं. "आगं बया! ह्यो डाग कसला? आता ते लोक काय म्हनतील? थांबा, फडकं आणते."

"राहू दे. त्येंना सांगू. नेली तर डागासकट नेतील, न्हाईतर दुसरं कुनीतरी नेईल." ते शेजारचं दार ढकलून उघडतात. "तू ये. बस."

"आत्ता?"

"आत्ताच. थांबतील ते."

महानंदा चढते. लग्नाच्या आठवड्यात नवऱ्यानं शिकवलं होतं, तशीच कडेला बसते. हात मांडीवर, पाठ ताठ.

"टेक," मल्लिनाथ म्हणतात.

ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहते. थट्टा तर नाही ना, याची खात्री करून घेते. मग थोडी मागं सरकते, आणखी थोडी, आणि शेवटी त्या डागावरच डोकं ठेवते. कातड्यावरून हात फिरवते.

"किती मऊ हाय हो," ती म्हणते.