एक जूनच्या दोन कौशल्या

पूर्णिमा यवतमाळची. राहते विश्रांतवाडीत, नोकरी आमच्या कंपनीत, आणि एकदा ‘नाही’ म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. मी अनंत, राहणार कसबा पेठ, तिच्या कामाची चाचणी घेणारा. बावीस वर्षं नोकरी केली ती कुणाशी वाकडं न घेता. त्याचा मला अभिमान होता. ‘होता’ म्हणतोय, लक्षात घ्या.

तिचं काम दुभाष्याचं. एका हॉस्पिटलच्या लॅबचं सॉफ्टवेअर जुनं, पेशंटच्या नोंदींचं नवं. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही. मध्ये आमचं मिडलवेअर. त्यात पूर्णिमा कनेक्टर बसवते. लॅबचा रिपोर्ट उचलायचा आणि बरोबर त्याच पेशंटच्या नोंदीत नेऊन ठेवायचा. नियम वरून आलेला: नाव, आडनाव, जन्मतारीख जुळली की माणूस एकच, नोंदी एकत्र करा. मधलं नाव नाही, कारण जुन्या सॉफ्टवेअरला त्याचा रकानाच नाही. मी शंभर नमुने चालवले, सगळे पास. सोमवारी सुरू करायचं होतं, म्हणून फॉर्मवर सही ठोकून मोकळा झालो.

शुक्रवारी सकाळी तिनं हाक मारली. “काका, इकडं या जी.”

स्क्रीनवर लोणी काळभोरच्या दोन पेशंट. दोघी कौशल्या काळभोर, दोघींची जन्मतारीख एक जून पासष्ट. एकीचं रक्त ओ, दुसरीचं बी. तिनं कनेक्टर चालवला. एकच कौशल्या उरली, बी रक्ताची.

“योगायोग,” मी म्हणालो.

“कायचा योगायोग बाप्पा! माझ्या आईचीही एक जूनच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अख्ख्या वर्गाला एक जून लावली. तुमच्या पेठेत पत्रिका करतात, आमच्याकडं गुरुजी.”

ते शंभर नमुने मीच बनवले होते, शंभर वेगवेगळ्या तारखांचे. दोन माणसांची तारीख एक असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मॅनेजर शौनक तोच फॉर्म घेऊन आला, आता तिची सही घ्यायला. “एज केस आहे गं, हजारात एखादी. गो-लाइव्ह होऊ दे, मग फिक्स करू.”

“तवर ती ओ-वाली बाई राहिली तर ना, सर!”

“रक्त देण्याआधी परत तपासतातच.”

“मग आपण काहून बसलो इथं?”

“सही कर. पुढच्या आठवड्यात तुझं कन्फर्मेशन आहे, विसरू नकोस.”

ही नोकरी मिळायला तिला तीन वर्षं लागली होती. तिनं पेनचं टोपण लावलं. “नका करू कन्फर्म. दोन जित्या बायांची एक करायला माझी सही नाही मिळणार.”

“नको तर नको. तुझ्याऐवजी टीममधला साई करेल. काकांची झालेलीच आहे.”

काकांची झालेलीच आहे! असा संताप आला, आणि सगळा स्वतःचाच. चाचणी घेणाऱ्याच्या सहीशिवाय हॉस्पिटल तो कागद हातात धरत नाही, हे शौनकलाही ठाऊक होतं. मी फॉर्म ओढला आणि माझ्या सहीवर दोन रेघा मारल्या.

“काका, तुम्हीसुद्धा?”

“सुद्धा नाही. उशिरा.”

सोमवारी काहीही सुरू झालं नाही. आता मधल्या नावाचा रकाना जोडण्याचं काम चाललंय. पूर्णिमाचं कन्फर्मेशन अडकवून ठेवलंय, तरी ती रोज नऊला हजर असते. मला मेमो मिळाला, बावीस वर्षांतला पहिला. घरी नेऊन बायकोला वाचून दाखवला, दोनदा.